लांबलेल्या काळाचे इंग्रजी शब्द: कार्डांच्या कामाच्या नोंदी

३ जून

आज काम सुरू केलं. निमित्त एका चुकीचं. गेल्या महिन्यात आरोग्यविषयक पत्रकाचं भाषांतर करताना मी 'क्रॉनिक पेन'चं 'तीव्र वेदना' करून टाकलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'नेमकं उलटं झालंय.' खरंच उलटं होतं. 'तीव्र' हा आपल्याकडे 'अक्यूट'साठी, म्हणजे अचानक उठणाऱ्या, थोड्या काळाच्या दुखण्यासाठी रुळलेला शब्द. क्रॉनिक म्हणजे बराच काळ राहिलेलं, मग ते सौम्य का असेना. पाच वर्षं बारीक पाठदुखी सोसणाऱ्या माणसानं ते पत्रक वाचलं असतं आणि 'हे माझ्यासाठी नाही' म्हणून बाजूला ठेवलं असतं. ही गोष्ट मनातून जात नाही.

म्हणून 'बराच काळ चालणारं' एवढा एकच अर्थ सांगणारे इंग्रजी शब्द गोळा करून त्यांची कार्डं करायचं ठरवलं. पुढे इंग्रजी शब्द, मागे मराठी. दुपारभरात ४६ शब्द जमले: परमनंट, परपेच्युअल, परेनियल, परसिस्टंट, इटर्नल, एव्हरलास्टिंग, लास्टिंग, एन्ड्युअरिंग, अबायडिंग, ड्युरेबल, क्रॉनिक, इन्व्हेटरेट, इन्सेसंट, कंटिन्युअस, कंटिन्युअल, प्रोलाँग्ड, प्रोट्रॅक्टेड, लिंगरिंग, इंटरमिनेबल, लाँग-स्टँडिंग, लाइफलाँग आणि असेच बाकीचे.

वेळ: ३ तास.

५ जून

पहिली मांडणी काळाच्या लांबीनुसार करायला घेतली. डावीकडे थोडा काळ टिकणारं, उजवीकडे अनंत. दिसायला सोपं होतं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या आणि मांडणी मोडली.

ती का मोडली ते लिहून ठेवते, कारण हे काम करणारा प्रत्येकजण बहुधा इथूनच सुरुवात करेल. मी 'परमनंट' उजव्या टोकाला ठेवला होता. पण केस कुरळे करण्याची 'पर्म' म्हणजे 'परमनंट वेव्ह'च, आणि ती केस वाढले की काही महिन्यांत जाते. 'परमाफ्रॉस्ट' या शब्दात तोच परमनंट बसलाय, तरी त्याच्या व्याख्येला सलग २ वर्षं गोठलेली जमीन पुरते. 'परेनियल' वनस्पती म्हणजे २ वर्षांहून जास्त जगणारी. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत 'ड्युरेबल' वस्तू म्हणजे सरासरी निदान ३ वर्षं टिकणारी. क्रॉनिक वेदनेची रेघ ३ महिन्यांवर आहे. आणि 'इंटरमिनेबल', म्हणजे शब्दशः 'ज्याला शेवटच नाही', हा शब्द लोक तासाभराच्या भाषणाला लावतात.

म्हणजे तासाभराचं भाषण अनंत, आणि काही महिन्यांची केशरचना कायमची. हे शब्द काळ मोजायला केलेलेच नाहीत. पट्टी फेकून दिली.

वेळ: ५ तास, सगळे वाया.

८ जून

मांडणी बाजूला ठेवून नुसत्या कार्डांच्या मागच्या बाजू भरल्या. संध्याकाळी मोजलं तर ४६ पैकी १९ कार्डांवर 'सतत' किंवा 'निरंतर' आणि ११ वर 'कायमचा'. मागची बाजू वाचून पुढचा शब्द ओळखता येणार नसेल तर त्या कार्डाचा काही उपयोग नाही. इंग्रजी कोशांनीही मदत केली नाही. एका शब्दाचा अर्थ बघायला जावं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुसरा परत पहिल्याकडे.

आजपासून नियम: कार्डाच्या मागे 'सतत', 'निरंतर', 'कायमचा' हे तीन शब्द लिहायचे नाहीत. एखाद्या ठिकाणी त्यांच्याशिवाय गत्यंतर नसेल तर तिथे का नाही ते लिहायचं.

९ जून

नियमाचा फायदा पहिल्याच दिवशी झाला. 'सतत' वापरायचं नाही म्हटल्यावर विचारावं लागलं की मध्ये खंड पडतो का?

कंटिन्युअस: खंड नाही. कागदावरची न तुटलेली रेघ, नळातून पडणारी धार. मराठीत 'सलग' किंवा 'अखंड'. कंटिन्युअल: खंड पडतो, पण परत परत होतं. कामात येणारे व्यत्यय कंटिन्युअलच असणार, कारण सलग व्यत्यय म्हटला तर मुळात कामच उरत नाही. मराठीत 'वरचेवर', 'घडीघडी', 'सारखा'. 'तो सारखा फोन करतो' यातला 'सारखा' म्हणजे हुबेहूब कंटिन्युअल, जरा वैतागासकट.

इथे एक इशारा. इंग्रजी लिहिणारे सगळेच हा भेद पाळत नाहीत. कंटिन्युअल दोन्ही अर्थांनी सर्रास वापरलेला दिसतो. म्हणून कार्डावर लिहिलं: 'स्वतः लिहिताना भेद पाळावा, दुसऱ्याच्या लिखाणात चूक काढू नये.'

आणि एक चूक, जी मला फार आवडलेल्या गोष्टीमुळे झाली. 'सतत' हा शब्द संस्कृत 'तन्' धातूपासून, म्हणजे ताणणे. कंटिन्युअसच्या पोटात लॅटिन 'टेनेरे' आहे, धरून ठेवणे, आणि तो याच 'तन्'चा दूरचा भाऊ. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. थोड्या वेळानं लक्षात आलं की नातं खरं असलं तरी कार्डावर ते घातक आहे. आपला 'सतत' दोन्ही कामं करतो. सतत धूर येतो (खंड नाही) आणि सतत आजारी पडतो (खंड आहे). मूळ एक म्हणून अर्थ एक, असं होत नाही. ती ओळ कार्डावरून काढून वहीत नेली.

वेळ: ४ तास.

१२ जून

दुसरा प्रश्न सापडला, आणि तो पहिल्याहून जास्त उपयोगी पडतोय: हे संपावं असं वाटतं का?

इन्सेसंट म्हणजे न थांबणारं. पण न थांबणारं प्रेम कुणी इन्सेसंट म्हणत नाही. तो शब्द आवाजाला, पावसाला, बडबडीला लागतो. पावसापुरतं मराठीत 'संततधार' आहे, पण संततधार कुणाला हवीहवीशीही असू शकते. बडबडीला 'अखंड' म्हटलं तर स्तुती होते, म्हणून तिथे 'तोंड मिटेना' असं क्रियापद घेतलं. रिलेंटलेस म्हणजे दया न दाखवणारं: ऊन, टीका, पाठलाग. इंटरमिनेबलसाठी 'मारुतीच्या शेपटासारखं लांबत गेलेलं', आणि चर्चेला लावलेला असेल तर 'चर्चेचं गुऱ्हाळ'.

लांबलेल्या गोष्टींचा कंटाळा दाखवायला मराठी किती श्रीमंत आहे हे आज पहिल्यांदा नीट जाणवलं. लांबण लावणं, रखडणं, रेंगाळणं, चिघळणं, घोळ घालणं, चऱ्हाट वळणं, भिजत घोंगडं. यातली बहुतेक क्रियापदं आहेत. माझी आजपर्यंतची अडचण हीच होती की इंग्रजी विशेषणाला मी मराठी विशेषण शोधत बसत होते. 'लिंगरिंग डाउट'ला विशेषण मिळेना. 'शंका मनात रेंगाळत राहिली' म्हटलं की झालं. लिंगर हा शब्द 'लाँग'च्याच घराण्यातला, पूर्वी त्याचा अर्थ होता मुक्काम करणे. वास, आजारपण, नजर, शंका: निघायची वेळ झाली तरी पाय न निघणाऱ्या गोष्टींना तो लागतो.

प्रोलाँग्ड आणि प्रोट्रॅक्टेड यांवर तास गेला. दोन्हीला 'लांबलेला' लिहिलं होतं. प्रोलाँग्ड मात्र चांगल्यालाही चालतो, टाळ्यांचा कडकडाट प्रोलाँग्ड असतो. प्रोट्रॅक्टेडमध्ये मूळ अर्थ पुढे ओढत नेणे. वाटाघाटी, खटला, भांडण. त्याला 'चिघळलेला' लिहिलं. 'भिजत घोंगडं' मोह पाडत होतं, पण ते इथे बसत नाही. घोंगडं भिजत पडतं ते कुणी हात लावत नाही म्हणून. प्रोट्रॅक्टेड वादात तर सगळेच हात घालून ओढत असतात.

२१ कार्डांच्या मागच्या बाजू नव्यानं लिहिल्या.

वेळ: ६ तास.

१५ जून

एन्ड्युअरिंग. याच्या मागे मी सरळ 'सहनशील' लिहून ठेवलं होतं आणि तीन दिवस ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. 'एन्ड्युअर' हे क्रियापद वेदनेबरोबर आलं तर सोसणे. पण 'एन्ड्युअरिंग फ्रेंडशिप' म्हणजे सहनशील मैत्री नव्हे. वर्षं गेली, चढउतार झाले, तरी टिकलेली मैत्री.

दोन अर्थ एकत्र का आले ते मुळाशी गेल्यावर कळतं. लॅटिन 'ड्युरुस' म्हणजे कठीण. कठीण होणे, मग सोसणे, मग टिकणे. ड्युरेबल त्याच मुळाचा. आपल्या 'तग धरणे'मध्ये हे दोन्ही अर्थ जवळजवळ आहेत, म्हणून एन्ड्युअरिंगच्या मागे 'तग धरून राहिलेलं' लिहिलं. ड्युरेबलला 'टिकाऊ' ठेवला, कारण टिकाऊ म्हटलं की रंग, कापड, चप्पल डोळ्यांसमोर येते. टिकाऊ मैत्री म्हटलं तर मैत्रीची किंमत कमी होते. तहाला मात्र इंग्रजीत ड्युरेबल चालतो, ती नोंद कार्डाच्या कोपऱ्यात.

अबायडिंगचंही हेच. अबाइड म्हणजे पूर्वी वाट पाहणे, थांबून राहणे. आज नकार लावला की अर्थ होतो 'मला ते अजिबात सहन होत नाही', आणि विशेषण केलं की 'मनात खोल रुजून राहिलेलं'. श्रद्धा, ओढ, आठवण यांच्यासाठी.

१७ जून

पहिली चाचणी. इंग्रजी नीट शिकू पाहणाऱ्या दोघी तयार झाल्या: एक कॉलेजातली, एक माझ्याच वयाची. पहिलाच प्रश्न कॉलेजातलीचा: 'लास्ट म्हणजे शेवटचा ना? मग लास्टिंग म्हणजे संपत आलेलं का?'

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता, आणि तो अगदी रास्त आहे. तपासलं. हे दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगानं सारखे झालेले. 'शेवटचा' या अर्थाचा लास्ट हा 'लेट'चं सर्वांत वरचं रूप आखडून झाला. 'टिकणे' या अर्थाचा लास्ट जुन्या इंग्रजीतल्या मागोवा घेणे, मागे मागे जात राहणे अशा अर्थाच्या क्रियापदातून आला. चांभाराकडचा पायाचा लाकडी साचा, त्यालाही लास्ट म्हणतात, तो या दुसऱ्याचा नातेवाईक: पाऊल, पावलाचा ठसा. एव्हरलास्टिंगमध्ये हाच. या जोडीसाठी वेगळं कार्ड केलं. एकूण ४७.

चाचणीत मात्र दोघी अडखळल्या. अर्थ विचारले की बरोबर सांगायच्या, वाक्य करायला सांगितलं की 'क्रॉनिक फ्रेंडशिप', 'इन्सेसंट लव्ह', 'परमनंट लायर'. दोष त्यांचा नव्हता. मी कार्डावर शब्द एकटा ठेवला होता.

१८ ते २० जून

कार्डांच्या पुढच्या बाजू पुन्हा लिहिल्या. आता कुठलाही शब्द एकटा नाही, सोबत दोन-तीन नामं. तीन दिवस लागले, पण या कामात सगळ्यात जास्त फळ याच दिवसांनी दिलं.

क्रॉनिक: आजार, टंचाई, बेकारी, उशीर. फक्त नको असलेल्या गोष्टी. ग्रीक 'क्रोनोस', म्हणजे काळ, यापासून. क्रॉनिकल, क्रोनॉलॉजी त्याच कुळातले. ब्रिटनमध्ये बोलताना 'अगदी भिकार' अशा अर्थानंही वापरतात, पण ते शिकणाऱ्यानं आधी बाजूला ठेवावं. मागे 'दीर्घकालीन'. 'जुनाट'ही चालतो, पण रुग्णासाठी लिहिताना मी टाळेन, जुनाट म्हटलं की टाकून दिलेल्या वस्तूचा वास येतो. कार्डावर दोन रेघा काढल्या, एक आडवी आणि एक उभी. आडवीवर अक्यूट ते क्रॉनिक, म्हणजे किती दिवसांचं. उभीवर सौम्य ते गंभीर. माझी मूळ चूक या दोन रेघा एक समजण्याची होती.

परसिस्टंट: खोकला, अफवा, माणूस. क्रॉनिकहून वेगळा, कारण यात 'आता जायला हवं होतं, तरी जात नाही' हा भाव आहे. खोकला 'चिवट', माणूस 'चिकाटीचा' आणि त्रास देत असेल तर 'पिच्छा न सोडणारा'.

इन्व्हेटरेट: खोटं बोलणारा, जुगारी, सिगारेट ओढणारा. माणसाला लागतो, त्याच्या मुरलेल्या सवयीमुळे. 'अट्टल'. दहा दिवस शोधत होते आणि हा शब्द चहा करताना आठवला. लॅटिन 'वेटुस' म्हणजे जुना, आणि तो आपल्या 'संवत्सर'मधल्या 'वत्सर'चा नातलग. वर्षं साचून पक्की झालेली खोड.

परेनियल: याचा मी आधी 'बारमाही' एवढाच अर्थ लिहिला होता. नदीला तो बरोबर आहे, वर्षभर वाहणारी. वनस्पतीला 'बहुवर्षायू'. पण 'परेनियल प्रॉब्लेम'ला दोन्ही लागेनात. मग झाडांचं वागणं बघितलं. कितीतरी बहुवर्षायू वनस्पती हिवाळ्यात जमिनीवरून दिसेनाशा होतात आणि मुळातून परत फुटतात. परेनियल प्रॉब्लेम तसाच, मिटला म्हणावं तर पुढच्या वर्षी नवी पालवी घेऊन हजर. मागे लिहिलं 'पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारा'. म्हणजे यात खंड आहे, आणि ९ तारखेला मी याला अखंडच्या गठ्ठ्यात टाकलं होतं. गठ्ठा बदलला.

वेळ: ९ तास.

२४ जून

अनंताच्या बाजूचे शब्द.

परमनंटचं उत्तर त्याच्या विरुद्ध शब्दात आहे. विरुद्ध 'टेम्पररी', तात्पुरता. म्हणजे बदलायचा बेत नाही, मुदत ठरलेली नाही, एवढंच. नोकरी, पत्ता, दात. 'कायम' इथे चपखल बसतो, बंदी उठवली. 'कायम' आणि 'कायमचा' मात्र वेगळे ठेवावेत. पत्ता कायम असतो. कायमचा गेला म्हटलं की काळजात धस्स होतं.

परपेच्युअलमध्ये गती आहे, चालूच राहणारं: कुठल्याही इंधनाशिवाय फिरत राहणारं आणि म्हणून अशक्य असलेलं 'परपेच्युअल मोशन'चं यंत्र. तक्रारींनाही लागतो. कायदेशीर लिखाणातल्या 'इन परपेच्युइटी'साठी जुन्या दानपत्रांतला 'आचंद्रार्क' आठवला, चंद्रसूर्य असेतो. अर्थ तंतोतंत जुळतो, पण आजच्या करारात लिहिला तर वाचणारा थबकेल. कार्डावर 'मुदतीविना', वहीत 'आचंद्रार्क'.

इटर्नल: मागे 'शाश्वत' लिहिलं आणि उलट चाचणी घेतली, म्हणजे मराठी दाखवून इंग्रजी विचारलं. कॉलेजातलीनं क्षणात उत्तर दिलं, 'सस्टेनेबल'. तिचं बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेली १७ ध्येयं मराठीत 'शाश्वत विकास ध्येयं' म्हणून पोचली आणि तिच्या पिढीनं 'शाश्वत' तिथूनच उचलला. शब्द सरकलाय. मला वाईट वाटलं, पण कार्ड वापरणारी ती आहे. इटर्नलसाठी 'चिरंतन' केला. त्याचं मूळ लॅटिन 'ऐवुम'मध्ये, जो आपल्या 'आयु'चा सोयरा, हेही वहीत.

'टाइम इम्मेमोरियल'ला 'पूर्वापार'. आठवणीपलीकडच्या या काळालाही इंग्लंडच्या कायद्यानं तारीख दिली आहे: १२७५ च्या कायद्यानं पहिल्या रिचर्डची कारकीर्द जिथे सुरू झाली ते ११८९ साल सीमा ठरलं. त्याआधीचं ते सगळं आठवणीपलीकडचं.

२८ जून

दुसरी चाचणी. वाक्यं बरीच सुधारली, 'क्रॉनिक फ्रेंडशिप' गेली. कंटिन्युअस-कंटिन्युअल अजून दोघींचं चुकतं, आणि घाईत माझंही. त्यासाठी नवीन काही करत नाही, पाच-सहा वाक्यं रोज लिहायची एवढंच. उच्चारही तपासले: परेनियल आणि इन्व्हेटरेट, दोन्हींत जोर दुसऱ्या अवयवावर. मी इन्व्हेटरेटचा तिसऱ्यावर देत होते.

सहा कार्डं काढून टाकली. 'सेम्पिटर्नल'सारखे शब्द वाचताना भेटले तर कोश आहेच. राहिली ४१.

२ जुलै

पत्रकाची सुधारित प्रत पाठवली. 'दीर्घकालीन वेदना', आणि पहिल्याच परिच्छेदात वाक्य घातलं: 'दुखणं सौम्य असलं, तरी ३ महिन्यांहून जास्त राहिलं असेल तर ही माहिती तुमच्यासाठी आहे.' डॉक्टरांनी ते तसंच ठेवलं.

आजवरचा वेळ: ३६ तास. लांबीनुसार मांडणीचे ५ आणि एकट्या शब्दांच्या कार्डांचे साधारण ८ वाचवता आले असते. ज्यांना हे करायचंय त्यांनी पहिल्या दिवसापासून नामं सोबत लिहावीत.

४ जुलै

लाँग-स्टँडिंगचं कार्ड राहिलं होतं. वाद, मागणी, मैत्री यांना लागतो, 'फार दिवसांचा'. ते लिहिता लिहिता नुसता 'स्टँडिंग' समोर आला. स्टँडिंग आर्मी म्हणजे आपली 'खडी फौज', स्टँडिंग कमिटी म्हणजे 'स्थायी समिती'. खडी म्हणजे उभी. स्थायीमध्ये 'स्था', उभं राहणे. परसिस्टंटमधला 'सिस्टेरे' तोच. आणि ज्या 'कायम'वर मी दोन आठवड्यांहून जास्त बंदी घातली होती तो अरबी 'काइम', म्हणजे उभा असलेला. सहन होत नाही म्हणायलाही इंग्रजी माणूस स्टँडच वापरतो, १५ तारखेच्या एन्ड्युअर आणि अबाइडसारखा.

या सगळ्यांचं एक कार्ड केलं, मधोमध 'उभा' लिहून. 'स्टँडिंग ऑर्डर' आणि 'स्टँडिंग जोक' अजून बसत नाहीत. उद्या.